सुरक्षा-मंडळावर कोणास पाठवावे ?

आमच्या या स्मरणिकेच्या पानांतून दरवर्षी कर, मालमोटारींचे भाडे, धान्याचे भाव आणि बाजार-समितीचे नियम यांची चर्चा होत असते. व ती व्हावयासही हवी. परंतु ज्या पाठीवरून आमचा सारा माल दुकानात येतो व दुकानातून जातो, त्या पाठीविषयी मात्र या पानांत फारसे काही वाचल्याचे आम्हांस आठवत नाही. यंदा तो विषय मुद्दाम घेण्यास एक निमित्त घडले आहे. दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या. त्यांपैकी ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाजाची परिस्थिती संहिता, २०२०’ या लांबलचक नावाच्या संहितेने कारखाने, खाणी, गोदी, बांधकाम इत्यादींविषयीचे पूर्वीचे १३ कायदे आपल्या पोटात घेतले आहेत. तिच्या १६ व्या कलमान्वये साऱ्या देशासाठी एक राष्ट्रीय सल्लागार मंडळ आणि १७ व्या कलमान्वये प्रत्येक राज्यात एक राज्य सल्लागार मंडळ नेमावयाचे आहे. कामाच्या जागी माणूस सुरक्षित व निरोगी कसा राहील, त्यासाठी नियम व प्रमाणे कोणती असावीत, याचा सल्ला या मंडळांनी सरकारास द्यावयाचा. राष्ट्रीय मंडळावर सरकारी अधिकाऱ्यांबरोबर मालकांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी व या विषयातील जाणती माणसे घ्यावयाची असे संहितेतच म्हटले आहे.

कायदा उत्तम आहे की कसे, याचा निवाडा वकील मंडळी करतील. आमच्यासारख्या व्यापाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो तो निराळाच. या खुर्च्यांवर बसणार कोण ? आणि व्यापाऱ्यांच्या वतीने कोणाचे नाव सुचवा, असे उद्या आमच्या संस्थेस विचारण्यात आले, तर आपण कोणास पाठवू ?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. धान्याच्या व्यापारात नमुना पाहून सौदा होतो. मूठभर नमुना खोटा निघाला तर शंभर पोत्यांचा सौदा बिघडतो. मंडळावरील सभासद म्हणजे समाजाने सरकारपुढे ठेवलेला आपला नमुनाच होय.

आमचे काही बंधू लगेच म्हणतील, “ही संहिता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू. आमच्या पेढीवर मुनीम धरून पाच माणसे. आम्हांस काय त्याचे ?” संख्येची गोष्ट खरी आहे, दहाची मर्यादा संहितेच्या व्याख्येतच आहे. परंतु संकट काही हजेरीपट पाहून येत नाही. शिवाय आमच्या धंद्याची रीत वाचकांस ठाऊक आहेच. पोती वाहणारा पल्लेदार सकाळी एका पेढीवर असतो, दुपारी दुसऱ्या व सायंकाळी तिसऱ्या. त्यास मजुरी पोत्यामागे मिळते. तो साऱ्यांचा असतो, म्हणूनच कोणाचाच नसतो. पाच पेढ्यांवर राबूनही कोणत्याच पेढीच्या दहांत त्याची गणना होत नाही. ज्याची गणना नाही त्याच्या वतीने बोलणारा माणूस मंडळावर असणे अधिकच अगत्याचे, असे आम्हांस वाटते.

आपल्या शहराकडेच पाहावे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली येथे आपल्या लष्कराचा तळ दिला व त्या तळाचेच लष्कर नावाचे शहर झाले. महाराज बाडा हे त्याचे हृदय. टाऊन हॉल, पोस्टाची इमारत, गोरखी यांच्याकडे पाहुणे कौतुकाने पाहतात. परंतु बाड्याभोवतीच्या बाजारात व तेथून फार दूर नसलेल्या दाल बाजारात ज्यांचा जन्म गेला, त्यांस या भागाचे दुसरेही रूप ठाऊक आहे. गल्ल्या अरुंद, खाली दुकान, मागे गोदाम, वर बिऱ्हाड, जिन्याखाली बारदान रचलेले आणि विजेच्या तारांचे जाळे डोक्यावर. २०१० साली व्हिक्टोरिया मार्केटला आग लागून ती देखणी इमारत जळाली, हे वाचक विसरले नसतील. आज तीच वास्तू दुरुस्त होऊन तीत भूविज्ञानाचे संग्रहालय झाले आहे. दगडी इमारत पुन्हा उभी करता येते. ज्यांची दुकाने त्या रात्री गेली त्यांची घडी पुन्हा बसविणे तितके सोपे नसते.

आमच्या गल्ल्याच्या धंद्यात धोका कोठे असतो, हे बाहेरच्या माणसास सहसा कळत नाही. गिरणीच्या यंत्रात हात सापडला तर आरडाओरड होते. धान्याच्या गोदामात धोका मुकाट्याने येतो. पहिला धोका ओझ्याचा. पूर्वी क्विंटलभराचे पोते पाठीवर घेऊन पल्लेदार फळीवरून थप्पीवर चढे, व पन्नाशी गाठण्यापूर्वीच त्याचे गुडघे व कंबर निकामी होत. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली कमाल ओझ्याविषयी ठराव करून प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची शिफारस केली. आज बाजारात ५० किलोचे पोते पुष्कळसे रूढ झाले आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु क्विंटलची पोती अजून पूर्णपणे गेलेली नाहीत, हेही खरे. दुसरा धोका थप्पीचा. खालचे पोते ओले किंवा फाटके असले की वीस पोत्यांची भिंत क्षणात खाली येते. तिसरा धुळीचा. धान्याची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की दम्यासारखा विकार जडतो. माणूस त्यास ‘वय झाले’ असे म्हणून सोडून देतो.

चौथा धोका सर्वांत भयंकर आहे. कीड मारण्यासाठी धान्यात ज्या गोळ्या ठेवतात, ज्यांस बाजारात सल्फासच्या गोळ्या म्हणतात, त्या अल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेतील ओल लागताच त्यांतून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असून फटींतून शेजारच्या खोलीत सहज शिरतो. त्यास लसणासारखा वास येतो असे म्हणतात, परंतु वासावर विसंबणे घातक होय. आणि त्या विषावर नेमका असा उतारा नाही. म्हणूनच या गोळ्यांचा वापर सरकारी खाती व परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करण्यात आला आहे. असे असूनही खाली गोदाम व वर बिऱ्हाड अशा घरांत या गोळ्या वापरल्या जाव्यात, यात धोका केवळ पल्लेदारास नाही. वरच्या मजल्यावर झोपलेली मुले आमचीच असतात.

ज्या मंडळावर ही माहिती असलेला एकही माणूस नाही, ते मंडळ गोदामांसाठी नियम कसले करणार ? ते कारखान्याचा विचार करील, खाणीचा करील, आणि आमच्या गल्लीस एकतर विसरून जाईल किंवा कारखान्याचाच अंगरखा आमच्या अंगावर चढवील. दोन्ही प्रकारे आमचे नुकसानच आहे.

आता इतिहासाकडे वळू. कामगाराचे दुःख सांगावयास कामगारांतील माणूस आयोगापुढे असावा, ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून त्यांच्या मागण्या फॅक्टरी कमिशनपुढे मांडल्या. पुढे १८९० साली नव्या कमिशनच्या मुंबईतील कामात त्यांस सामील करून घेण्यात आले, आणि त्याच वर्षी मुंबईच्या गिरण्यांतून रविवारची सुट्टी सुरू झाली. लोखंडे यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती. ज्याचे जळते त्याला कळते, या म्हणीचा याहून चांगला दाखला कोणता ?

आपल्या ग्वाल्हेरीतही व्यापाऱ्यांस सरकारपुढे बोलण्याची जागा जुनीच आहे. माधवराव महाराजांच्या कारकीर्दीत, १९०६ साली, येथे व्यापाऱ्यांचे चेंबर स्थापन झाले व ते आजही चालू आहे. पुढे १९२१ साली जियाजीराव कॉटन मिल निघाली, बिर्लानगर वसले, आणि हजारो घरांची चूल तिच्या भोंग्यावर पेटू लागली. १९९२ च्या सुमारास तो भोंगा थांबला. चेंबर राहिले, गिरणी गेली. आणि गिरणीबरोबर कामगारांचा संघटित आवाजही या शहरात क्षीण झाला. आज येथे राबणारा माणूस बहुतांशी विखुरलेला आहे : पल्लेदार, हातगाडीवाला, दगडफोड्या, गवंडी. व्यापाऱ्याचा प्रतिनिधी शोधावयास वेळ लागत नाही. कामगाराचा खरा प्रतिनिधी शोधावा लागतो.

न शोधल्यास काय होते, हे भोपाळने आपल्या राज्यास शिकविले आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला व हजारो माणसे मेली. परंतु तीन वर्षे आधी, १९८१ च्या डिसेंबरात, त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. आत काम करणाऱ्यांस धोका कळत होता. ते बोलतही होते. ऐकून घेण्याची सक्ती ज्याच्यावर आहे, असे आसन मात्र नव्हते. त्यानंतर १९८७ साली १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात दुरुस्ती होऊन धोक्याच्या कारखान्यांत कामगार व मालक यांची संयुक्त सुरक्षा-समिती आवश्यक ठरली. नव्या संहितेच्या २२ व्या कलमात तेच तत्त्व पुढे आले आहे : सरकार जेथे समिती नेमावयास सांगेल तेथे कामगारांचे प्रतिनिधी मालकांच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. वरातीमागून आलेले हे घोडे आहे खरे, पण आता ते दारात आलेच आहे तर त्यास परत पाठवू नये.

दुसरे उदाहरण मंदसोरचे. हा मुलूख पूर्वी शिंदे सरकारच्याच राज्यात होता. पाटीवरच्या ज्या पेन्सिलींनी आपण सर्वांनी बाराखडी गिरवली, त्या दगडी पेन्सिली तेथे कापल्या जात. कापताना उडणारी धूळ कामगारांच्या फुफ्फुसात साचून सिलिकोसिस होई व तरणीताठी माणसे जात. अखेर १९८२ साली मध्यप्रदेशात स्लेट-पेन्सिल कामगारांच्या कल्याणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. या रोगाचे वैशिष्ट्य असे की, धूळ आज जाते आणि रोग पुष्कळ वर्षांनी दिसतो. मालकास तो दिसत नाही, कामगारासही वेळेवर समजत नाही. तो ओळखतो वैद्य. म्हणून अशा मंडळावर डॉक्टर हवाच. आपल्या शहरात १९४६ सालापासून गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील छातीच्या विकारांचे व समाज-आरोग्याचे जाणकार या कामी का बोलावू नयेत?

तिसरे उदाहरण आमच्याच धंद्याचे. मुंबईच्या दाणाबंदरात व मशीद बंदरात पोती वाहणाऱ्या माथाडींची अण्णासाहेब पाटील यांनी संघटना बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्या कायद्याखालील मंडळांची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. मालकांचे व कामगारांचे सभासद समसमान. सरकारचे सभासद त्या दोहोंच्या एकूण संख्येच्या एकतृतीयांशाहून अधिक नाहीत. अध्यक्ष सरकारी सभासदांपैकी. मुंबईच्या किराणा बाजारासाठी असे स्वतंत्र मंडळ झाले. प्रारंभी तेथील व्यापाऱ्यांनी पुष्कळ कुरकुर केली, आणि आजही त्या व्यवस्थेविषयी तक्रारी नाहीत असे नव्हे. परंतु मजुरी व दुखापत यांविषयीचे भांडण रस्त्यावरून मेजावर आले, ही मिळकत व्यापाऱ्याच्या जमेस धरावी लागेल. आमच्या राज्यातही १९७२ च्या मंडी कायद्याने मंडी-समितीवर हम्माल व तुलावटी यांच्या प्रतिनिधीस जागा दिली आहे. तेव्हा पल्लेदारासह एका मेजावर बसणे ही काही नवी आपत्ती नव्हे.

परदेशातील एक दाखला देऊन पुढे जाऊ. इंग्लंडात लॉर्ड रॉबेन्स यांच्या समितीच्या १९७२ च्या अहवालानंतर १९७४ साली नवा कायदा झाला व आरोग्य-सुरक्षा आयोग नेमण्यात आला. अध्यक्षाखेरीज सहा ते नऊ सभासद; त्यांतील तिघे मालकांच्या संस्थांस विचारून, तिघे कामगारांच्या संस्थांस विचारून आणि उरलेले स्थानिक संस्था वगैरेंस विचारून नेमावयाचे. २००८ साली तो आयोग दुसऱ्या सरकारी संस्थेत विलीन झाला. परंतु ‘विचारून’ हा शब्द शिकण्यासारखा आहे. कोणास नेमावे हे सरकारने ठरवावे, परंतु ज्यांचा प्रतिनिधी त्यांस विचारल्यावाचून नव्हे.

याविषयी आमचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका समितीवर व्यापाऱ्यांच्या वतीने बसण्याचा प्रसंग आम्हांवर आला. समितीचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. कामगारांच्या खुर्चीवर जे गृहस्थ बसत, ते मजूर पुरविणारे मुकादम होते. बोलणे गोड, कपडे स्वच्छ, पण पाठीवर त्यांनी उभ्या जन्मात पोते घेतलेले नव्हते. गोदामाच्या उंच फळीस कठडा असावा असे आम्ही सुचविले, तेव्हा सर्वांत आधी त्यांनीच मोडता घातला. कठड्याने माल चढविण्यास वेळ लागतो व फेऱ्या कमी होतात, असे त्यांचे म्हणणे. कामगाराच्या विरुद्ध मत कामगाराच्या नावाने नोंदले गेले, आणि कागदोपत्री सारे यथासांग झाले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ते हेच. पुढे एके दिवशी त्याच प्रकारच्या फळीवरून घसरून एका तरुण पल्लेदाराचा पाय मोडला. तो आज रस्त्याच्या कडेस भाजी विकतो.

या साऱ्याचा विचार करून सभासद कोण असावा याविषयी आमची मते संस्थेपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, मान म्हणून कोणास पाठवू नये. सत्कारास योग्य असलेला प्रत्येक गृहस्थ या कामास योग्य असतोच असे नाही. जो स्वतः गोदामात उतरतो, थप्पीस हात लावून पाहतो, पल्लेदारास नावाने ओळखतो, तो लहान पेढीचा असला तरी चालेल. उंटावरून शेळ्या हाकणारा नको.

दुसरी, आपण आपलाच प्रतिनिधी सुचवावा, कामगारांचा कामगारांनी. त्यांच्या खुर्चीवर आपल्या सोयीचा माणूस बसविण्याचा मोह टाळावा. आज सोयीचे वाटणारे हे सहकार्य उद्याच्या अपघातात आपल्यासच गोत्यात आणते.

तिसरी, धान्य निवडणाऱ्या व चाळणाऱ्या कामात स्त्रिया पुष्कळ आहेत. दिवसभर धुळीत बसणे त्यांच्याच वाट्यास येते. त्यांच्यापैकी एकीचा आवाज तेथे असावा. आमच्या घरांतील शिकलेल्या सुनामुलींनीही या विषयात लक्ष घालावे. आता त्यांच्यात डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत.

चौथी, जाणाऱ्याने प्रत्येक बैठकीनंतर संस्थेस लेखी वृत्तांत द्यावा. लागोपाठ दोन बैठकांस गैरहजर राहिल्यास त्याने आपण होऊन जागा सोडावी. एकाच घरात ही खुर्ची वारसाहक्काने राहू नये.

पाचवी, ज्या विषयात स्वतःचा पैसा गुंतला आहे तो विषय निघताच सभासदाने तसे सांगावे व मत देऊ नये. औषधे किंवा यंत्रे विकणाऱ्याने त्यांच्या खरेदीवर सल्ला देणे म्हणजे तागडी व माल एकाच हाती देणे होय.

यावर आक्षेप येतील. कोणी म्हणेल, खर्च वाढेल. वाढेल, परंतु फळीचा कठडा एकदाच लागतो आणि मोडलेला पाय जन्मभर पुरतो. कोणी म्हणेल, यामुळे इन्स्पेक्टरांचा सुळसुळाट होईल. ही भीती निराधार नाही; म्हणूनच नियम होत असतानाच आपला जाणता माणूस तेथे हवा, झाल्यावर अर्ज-विनंत्या करून काय उपयोग ? कोणी म्हणेल, आमची माणसे आम्हांस घरच्यासारखी. तसे असेल तर घरच्या माणसाच्या पाठीवर आपण किती ओझे दिले असते, एवढेच त्याने स्वतःस विचारावे.

आणि मंडळाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. दहांपेक्षा कमी माणसे असलेल्या पेढ्यांसाठी आमची संस्थाच आपली एक लहान सुरक्षा-समिती नेमू शकते : दोन व्यापारी, दोन पल्लेदार, एक डॉक्टर. तिने वर्षातून दोनदा गोदामे पाहावीत. पोते ५० किलोहून जड असू नये. फळीस कठडा असावा. बिऱ्हाडाखालच्या गोदामात गोळ्यांची धुरी मुळीच देऊ नये व अन्यत्र ती परवानाधारकाकडूनच देववावी. जिना व गल्ली बारदानाने अडवू नये. एवढ्या चार गोष्टी झाल्या तरी पुष्कळ झाले. या समितीत जो नीट काम करील, त्याचेच नाव उद्या राज्य-मंडळासाठी पुढे करता येईल. नमुना आधी आपल्या दुकानात पारखावा, मग बाजारात दाखवावा.

आपल्या शास्त्रकारांनी श्रावकाच्या अहिंसाव्रताचे जे पाच अतिचार सांगितले, त्यांत ‘अतिभारारोपण’ हा एक आहे. शक्तीबाहेर ओझे लादणे हा त्यांनी मारण्या-बांधण्याच्या पंक्तीस बसणारा दोष मानला. दोन हजार वर्षांच्या आसपास झाली, हा नियम आपल्या घरात आहे. सरकारची संहिता कालची. आम्ही मुंगीस जपतो, पाणी गाळून पितो. पाठीवर पोते घेऊन फळी चढणाऱ्या माणसाचा विचारही त्याच व्रतात येतो, हे वेगळे सांगावयास नको.

येत्या वार्षिक सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, नावे मागवावीत, आणि ती निवडण्यापूर्वी दाल बाजारातील व लक्ष्मीगंजच्या मंडीतील पल्लेदारांस बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे, अशी आमची सर्व सभासद बंधू-भगिनींस नम्र विनंती आहे.